गुलाबाचे पहिले वर्ष : आमच्या चुका आणि आमचे धडे

संपादक मंडळाने या महोत्सवी अंकासाठी बागकामाविषयी काही लिहावे अशी सूचना केली, तेव्हा आम्ही उभयतांनी प्रथम नकारच दिला. ज्यांनी आयुष्यभर बागा केल्या असे अनेक सभासद आपल्या संस्थेत आहेत. आमची बाग अवघी एका वर्षाची. परंतु मंडळींनी आग्रह सोडला नाही. "जाणत्यांचे लेख पुष्कळ मिळतात, नवशिक्यांचे मिळत नाहीत. तुमचे काय चुकले तेवढेच लिहा," असे त्यांनी सांगितले. चुकांचाच हिशेब द्यावयाचा असेल तर आमच्यापाशी भांडवल भरपूर आहे, म्हणून लिहावयास बसलो.

तो हिशेब आरंभीच देऊन टाकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही गुलाबाची बारा कलमी रोपे लावली. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांतील पाच जिवंत होती आणि त्या पाचांतलेही एक नावापुरतेच. याखेरीज परसात एक तेरावे झाड होते. ते आम्ही लावलेले नव्हते, मातोश्रींचे होते. १९६१ साली लग्न होऊन त्या पेडण्याहून म्हापशास आल्या, त्या वर्षीच्या पावसात त्यांनी माहेरच्या गावठी गुलाबाच्या काड्या आणून परसात लावल्या. फिकट गुलाबी रंगाचे, लहानसे, पण घरभर वास देणारे ते फूल. रोज सकाळी त्यातले एक देव्हाऱ्यात जायचे आणि पौषात देव बोडगेश्वराच्या जत्रेला जाताना मातोश्रींच्या हातात त्याच झाडाची फुले असायची. त्या झाडाचे काय झाले ते पुढे ओघाने येईल. खरे सांगावयाचे तर त्या एका झाडापायीच हा लेख लिहिण्याचे आम्ही मनावर घेतले.

धडा पहिला : रोप फुलावरून निवडू नये

नोकरीतून निवृत्त झाल्यावर हाती वेळ आला. परसात सहा तास ऊन येणारी जागा होती. एका शुक्रवारी नेहमीप्रमाणे बाजारात गेलो. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार म्हणजे काय ते वाचकांस सांगावयास नको. पुरुमेंताच्या मिरच्यांपासून रोपांपर्यंत सर्व काही तेथे मिळते. रोपांच्या रांगेत जी फुलांनी बहरलेली होती ती आम्ही उचलली. लाल, पांढरी, केशरी आणि दोन पिवळीधमक, अशी बारा रोपे रिक्षातून घरी आली.

विकणाऱ्याचा यात काही दोष नाही. आम्ही फुले पाहिली, झाड पाहिलेच नाही. रोप घेताना पाहावयाचे ते असे : बुंध्याशी डोळा भरलेला सांधा घट्ट जुळलेला आहे काय, सांध्याच्या वर निदान दोन-तीन जोमदार फांद्या आहेत काय, पानांवर काळे डाग आहेत काय आणि पिशवीच्या तळाशी मुळांचे वेटोळे झाले आहे काय. लहान पिशवीत भरगच्च फुललेले रोप आपली सारी शक्ती फुलांत खर्च करून बसलेले असते. आता आम्ही फूल नसलेले परंतु पाने निरोगी असलेले रोप घेतो आणि लावल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांतल्या कळ्या खुडून टाकतो. कळी खुडताना हात कचरतो, परंतु त्यामुळे झाड आधी मूळ धरते.

धडा दुसरा : जांभ्यातला खड्डा ही विहीर होते

पुस्तकांतून दोन फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट खोल असा खड्डा घ्यावा असे लिहिलेले असते. आम्ही तसेच केले. वीतभर तांबडी माती गेल्यावर खाली जांभा दगड लागला. पहारीने तो फोडून, मोठ्या कष्टाने आम्ही बारा चौकोनी खड्डे तयार केले आणि त्यांत विकत आणलेली भुसभुशीत माती भरली.

त्या वेळी हे लक्षात आले नाही की आपण दगडात बारा भांडी कोरली आहेत. हिवाळ्यात व उन्हाळ्यात त्याचा काही त्रास झाला नाही. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि भांडी भरली. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो, हे खरे. परंतु जून-जुलैत भोवतालचीच जमीन भिजून तुडुंब झालेली असते, तेव्हा खड्ड्यातले पाणी जाणार कोठे? गुलाबाच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. पाने पिवळी पडू लागली तेव्हा आम्हांस वाटले की खताची उणीव आहे, म्हणून वर आणखी खत घातले. ऑगस्टात तीन रोपे उपटून पाहिली. मुळे काळी पडली होती, त्यांना कुजका वास येत होता आणि हात लावताच त्यांची साल निघून येत होती.

आता आम्ही खड्डा घेतच नाही असे म्हटले तरी चालेल. जांभ्यावरची माती वीतभर खणून सैल करतो आणि तिच्यावर दीड फूट उंचीचा वाफा रचतो. त्याच्या कडेला चिऱ्याचे तुकडे बसवतो, परंतु ते सिमेंटने बांधत नाही, म्हणजे फटींतून पाणी निथळते. वाफ्याच्या खालच्या अंगाने एक चर काढून तो गटाराला जोडला आहे. घराच्या पागोळ्या वाफ्यावर पडत नाहीत ना, हेही पाहिले. पुस्तकांतला खड्डा हा कमी पावसाच्या प्रदेशासाठी आहे. तेथे पाणी धरून ठेवावयाचे असते, आपल्याकडे त्याला वाट करून द्यावयाची असते.

मातीविषयी आणखी एक गोष्ट. आपली तांबडी माती बहुधा आंबट, म्हणजे आम्लधर्मी असते. कृषी खात्याकडे माती तपासून घेण्याची सोय आहे. आम्ही ती उशिरा केली, तेव्हा सामू ५.२ निघाला. गुलाबास ६ ते ६.५ मानवतो. सामू कमी असला की घातलेल्या खताचा मोठा भाग झाडास मिळतच नाही. शिंपल्यांचा चुना थोडा थोडा मातीत मिसळून आम्ही तो वाढवीत आहोत. चुना व शेणखत मात्र एकाच वेळी घालू नये, कारण त्यामुळे खतातील नत्र वायुरूपाने उडून जाते. दोहोंमध्ये पंधरा-वीस दिवसांचे अंतर ठेवावे.

धडा तिसरा : खत कुजलेले असावे आणि कुत्र्यास आवडणारे नसावे

पहिल्याच महिन्यात शेजारच्या गोठ्यातले ओले शेण आणून आम्ही झाडांच्या बुंध्याशी घातले. कच्चे शेण जमिनीत कुजताना उष्णता निर्माण होते आणि कोवळी मुळे भाजतात. शिवाय न कुजलेल्या शेणात हुमणीच्या अळ्या वाढतात. पांढऱ्या, जाड, इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या वाकलेल्या या अळ्या मुळे कुरतडतात. जानेवारीत एक रोप वाऱ्याविना कलंडले. उचलून पाहिले तर खाली मूळच नव्हते.

दुसऱ्या रोपाची हकिगत सांगताना आम्हांस थोडे हसूही येते. माडाला मासळीचे खत घालतात, मग गुलाबास का नको, असा विचार करून एका रोपाशी मूठभर खारी मासळी पुरली. रात्री गल्लीतल्या कुत्र्यांनी त्या जागेचे उत्खनन केले. सकाळी रोप एका टोकास आणि मुळे दुसऱ्या टोकास पडलेली होती.

आता आम्ही निदान सहा महिने मुरलेले, हातात घेतले असता काळ्या मातीसारखे मोकळे लागणारे शेणखतच वापरतो. जोडीला करंजाची किंवा निंबोळीची पेंड घालतो. तीही थोडी थोडी, महिन्यातून एकदा, आणि बुंध्यापासून वीतभर दूर. भर पावसात खत घालत नाही, कारण ते झाडाऐवजी गटारास मिळते.

उन्हाळ्यात, मार्चपासून मेपर्यंत, पानांच्या खालच्या बाजूस लाल कोळी दिसू लागले. ही कीड इतकी बारीक असते की पान फिकट, धुळकट दिसू लागेपर्यंत लक्षातच येत नाही. तिला कोरडेपणा आवडतो. सकाळी लवकर पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारल्याने ती बरीच आटोक्यात आली. बुंध्याभोवती सुक्या पानांचे जाड आच्छादन घातले, त्यामुळे रोजचे पाणी एक दिवसाआड देऊन भागले.

धडा चौथा : कलम म्हणजे एकावर एक दोन झाडे

बाजारातला बहुतेक गुलाब हा खुंटावर डोळा भरून केलेला असतो. खाली एखाद्या काटक जातीचे मूळ आणि वर आपल्या पसंतीचे फूल. हे आम्हांस ऐकून ठाऊक होते, परंतु त्याचा अर्थ मे महिन्यात कळला. एका रोपाच्या बुंध्यातून लांबसडक, हिरवीगार, दोन हातांची फांदी सरसर वर आली. आम्ही आनंदाने तिला काठीचा आधार दिला. महिनाभरात वरचे लाल फुलाचे कलम सुकत गेले आणि ती फांदी मांडवाला लागली. ती खुंटाची फूट होती. नावापुरते जिवंत म्हणून वर ज्याचा उल्लेख केला ते हेच झाड. आता ते निव्वळ रानगुलाब आहे.

सात पानांची डहाळी असली की ती खुंटाची, पाच पानांची असली की कलमाची, असे पुष्कळ जण सांगतात. यावर विसंबू नये, कारण चांगल्या कलमी जातींनाही कधीकधी सात पाने येतात. माती थोडी बाजूस सारून फांदी कोठून निघाली ते पाहावे. डोळ्याच्या सांध्याखालून निघाली असेल तर ती खुंटाची. ती कात्रीने कापू नये, कारण तेथून पुन्हा दोन फुटतात. मुळापाशी धरून ओढून काढावी.

या निमित्ताने आम्ही गुलाबाचा थोडा इतिहासही वाचला आणि आमची दोन्ही पिवळी रोपेच पावसात आधी का गेली याचा उलगडा झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधील वर्षभर फुलणारे गुलाब युरोपात पोचले. तेथल्या जातींशी त्यांचा संकर होत होत १८६७ साली फ्रान्समध्ये 'ला फ्रान्स' नावाचा गुलाब निघाला. आज आपण दुकानात पाहतो त्या लांब दांड्याच्या, मोठ्या कळीच्या गुलाबांच्या कुळातला तो पहिला मानतात. परंतु या कुळात गडद पिवळा रंग नव्हता. तो लियॉन येथील पेर्ने-द्युशे यांनी १९०० साली 'सोलेय दॉर' या जातीने आणला. त्यासाठी त्यांनी पश्चिम आशियातील कोरड्या प्रदेशातल्या एका पिवळ्या गुलाबाचा उपयोग केला. त्या गुलाबाबरोबर रंग आला, तसा पानांवरील काळ्या ठिपक्यांच्या रोगाला लवकर बळी पडण्याचा दुबळेपणाही आला. कोरड्या मुलखातल्या त्या पूर्वजाचे वारस आम्ही म्हापशाच्या जुलै महिन्यात उभे केले होते!

आपल्या देशात या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला आहे. गव्हाच्या तांबेरा-प्रतिकारक जाती काढणारे थोर शास्त्रज्ञ डॉ. बेंजामिन पिअरी पाल (१९०६–१९८९) हे १९६५ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. फावल्या वेळात त्यांनी आपल्या हवेत वाढणारे अनेक गुलाब सिद्ध केले. १९६३ ची 'दिल्ली प्रिन्सेस' ही त्यांपैकीच एक. भारतातील गुलाबांवर त्यांनी १९६६ साली एक ग्रंथही लिहिला. इतका मोठा माणूस स्थानिक हवेचा विचार प्रथम करतो आणि आम्ही नवशिके मात्र रंगाचा विचार प्रथम करतो, हे पाहून आमची आम्हांसच लाज वाटली.

धडा पाचवा : पावसाच्या तोंडावर कात्री चालवू नये

आता ज्याविषयी लिहिणे जड जाते त्या गोष्टीकडे येतो.

पावसाळ्यापूर्वी गुलाबाची छाटणी करावी असे आम्ही मोबाईलच्या पडद्यावर पाहिले होते. देशावर जूनमध्ये अशी एक छाटणी करतात, ही गोष्ट खरी आहे. परंतु पुण्यास वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपल्या गोव्यात सुमारे ३,०००. हा फरक आम्ही ध्यानात घेतला नाही. मेच्या अखेरीस एका संध्याकाळी आम्ही नवी कात्री घेऊन परसात उतरलो आणि दहाही रोपे गुडघ्याएवढी कापली. हात चालला होता, म्हणून शेवटी मातोश्रींच्या गावठी गुलाबाकडे वळलो. तो पुरुषभर उंच आणि अस्ताव्यस्त वाढला होता. मातोश्री मागच्या दारात उभ्या होत्या. "आताच कशाला कापता रे? मृग तोंडावर आलाय," एवढेच त्या म्हणाल्या. "आई, अशीच रीत आहे. नवी फूट चांगली येते," असे आम्ही सांगितले. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. आम्ही ते झाड फूटभर ठेवून बाकी कापले, भोवती खोल आळे केले आणि त्यात पाटीभर शेण घातले. साठ वर्षांत त्याला कोणी इतका मान दिला नव्हता.

दहा दिवसांत पाऊस आला. छाटलेली टोके उघडीच होती, त्यांवर काही लावलेले नव्हते. त्या ओल्या जखमांतून बुरशी आत शिरली आणि फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली मरत आल्या. आळ्यात रात्रंदिवस पाणी साचून राहिले. जुलैच्या मध्यास मातोश्रींच्या झाडाचा बुंधा नखाने खरवडून पाहिला. साल आतून तपकिरी झाली होती. हिरवेपणा कोठेच नव्हता.

बासष्ट वर्षे ज्या झाडाला कसलेही औषध, कसलेही खत लागले नव्हते ते आमच्या एका संध्याकाळच्या उत्साहाने गेले. मातोश्री रागावल्या नाहीत. रोज सकाळी त्या देव्हाऱ्यात जास्वंद ठेवू लागल्या. त्या रागावल्या असत्या तर आम्हांस बरे वाटले असते.

या धड्याचे सार असे. गोव्यात मुख्य छाटणी एकच, ती पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यानंतर करावी. मे-जूनमध्ये फक्त वाळलेल्या व रोगट काड्या काढाव्यात. आळी मोडून टाकून बुंध्याशी मातीची भर द्यावी, म्हणजे पाणी बुंध्यापासून दूर वाहून जाईल. आणि जे झाड आपल्याआधीपासून सुखाने उभे आहे त्याला निदान एक वर्ष नुसते पाहावे, मग हात लावावा.

धडा सहावा : सुपारीचे औषध गुलाबालाही चालते

जुलैतच डिचोलीकडील आमच्या आप्तांच्या कुळागरात पुष्कळ वर्षे काम केलेले एक वृद्ध गृहस्थ घरी आले होते. चहा घेऊन परसात फेरी मारताना त्यांनी एक पान उलटून पाहिले. पानांवर काळे, कडा फाटल्यासारखे दिसणारे ठिपके होते आणि त्यांभोवती पिवळेपणा पसरला होता. "बाब, सुपारीला आम्ही औषध पावसाआधी मारतो. पाऊस लागल्यावर धावून काय उपयोग?" असे ते म्हणाले.

ते औषध म्हणजे मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण. फ्रान्समधील बोर्दो शहरी प्राध्यापक मिलार्दे यांनी ते १८८५ साली द्राक्षांच्या रोगावरील उपाय म्हणून जगापुढे मांडले. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी ते निळसर मिश्रण शिंपडीत आणि नेमक्या त्याच वेली निरोगी राहत, हे त्यांच्या ध्यानात आले होते. आपल्याकडे कुळागरांत सुपारीच्या कोळेरोगावर तेच वापरतात, पावसाच्या आरंभी एकदा आणि पुढे चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा.

घरगुती प्रमाण असे : शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात विरघळवावे. शंभर ग्रॅम चुना वेगळ्या पाच लिटर पाण्यात कालवून गाळून घ्यावा. नंतर मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतीत ढवळावे. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची असावीत, लोखंडाची नकोत. मिश्रणात लोखंडी सुरी मिनिटभर बुडवावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. शंभर-शंभर ग्रॅमच, परंतु एकूण एक लिटर पाण्यात कालवले की छाटलेल्या टोकांस लावावयाचा मलम होतो. फवारताना नाकातोंडावर फडके बांधावे. अशा झाडांच्या पाकळ्यांचा गुलकंद करू नये.

ठिपक्यांचा रोग पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो आणि पान सुमारे सात तास सतत ओले राहिले की तो रुजतो. आपल्या आषाढात पान सात-सात दिवस ओले असते. म्हणून औषधाइतकेच महत्त्व वाऱ्याला आहे. आता दोन झाडांत आम्ही तीन फुटांचे अंतर ठेवतो, खालची पाने काढून टाकतो आणि गळालेले प्रत्येक पान उचलून जाळतो. बुरशी त्या पानांतच दबा धरून असते.

धडा सातवा : मातोश्रींच्या काड्या

ऑगस्टच्या अखेरीस एके दिवशी आमच्या सौभाग्यवती न्हाणीघरामागे पाट्या ठेवावयास गेल्या. तेथे सावलीत, भिंतीलगत, आठ काड्या एका ओळीत रोवलेल्या दिसल्या. प्रत्येकीच्या टोकावर वाळलेल्या शेणाची लहानशी टोपी होती. पाच वाळून गेल्या होत्या. तिघींना कोवळी, तांबूस पालवी फुटलेली होती.

मातोश्रींना विचारले. छाटणीच्याच संध्याकाळी, आम्ही आत गेल्यावर, त्यांनी कचऱ्याच्या ढिगातून त्या काड्या वेचून लावल्या होत्या. "मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?" असे आम्ही म्हणालो. त्या म्हणाल्या, "जगतील की नाही कुणाला ठाऊक? आणि तुम्ही खत घातलं असतं."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही त्यांच्यापाशी बसून रीत विचारून घेतली आणि लिहून ठेवली. ती अशी : काडी पेन्सिलीएवढ्या जाडीची, ना फार कोवळी, ना फार जून. लांबी वीतभर. खालचा छेद डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचा सरळ. पाने काढून टाकावीत, काटे राहू द्यावेत. दोन भाग जमिनीत आणि एक भाग वर राहील अशी रोवावी. माती अर्धी रेतीची असावी, म्हणजे पाणी साचत नाही. वरच्या टोकास शेणाचा गोळा लावावा, म्हणजे टोक सुकत नाही. जागा सावलीची, परंतु ओसरीतल्यासारखी बंदिस्त नसावी. आणि शेवटी, काडी रुजली काय हे पाहण्यासाठी ती उपटू नये. सहा आठवडे थांबावे. आपल्या पावसाळ्यातली दमट हवा, जी कलमी झाडांना जाचते, तीच काड्या रुजविण्यास उत्तम आहे.

काडीवर लावलेले झाड आपल्याच मुळावर उभे असते. त्याला खुंट नाही, सांधा नाही. खालून कोठूनही फूट आली तरी ती त्याचीच. फूल लहान येईल, कळी दुकानासारखी दिसणार नाही, परंतु नवशिक्याने आरंभ करावा तो अशाच झाडाने, असे आमचे मत झाले आहे. आम्ही मात्र बारा कलमांनी आरंभ केला आणि घरातले जाणते माणूस व घरातले जाणते झाड दोन्ही बाजूस ठेवली.

वर्षाचा क्रम

वाचकांच्या सोयीसाठी आमच्या वहीतले वेळापत्रक थोडक्यात देतो. ते म्हापसा व आसपासच्या हवेपुरते समजावे.

ऑक्टोबरचा उत्तरार्ध : छाटणी. कलमी झाडांचा वरचा तिसरा हिस्सा, तसेच रोगट व आत वळलेल्या फांद्या काढाव्यात. बाहेरच्या बाजूस असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरका छेद घ्यावा. टोकांस बोर्डो मलम लावावा. आठवड्याने मुरलेले खत घालावे.

नोव्हेंबर : नवी रोपे लावण्यास योग्य काळ.

डिसेंबर ते फेब्रुवारी : फुलांचा बहर. छाटणीपासून सुमारे पंचेचाळीस दिवसांनी फुले येतात. थंड रात्रींत पानांवर पांढरी भुरी दिसते, तिच्यावर वेळीच लक्ष ठेवावे. कोमेजलेले फूल झाडावर ठेवू नये.

मार्च ते मे : आच्छादन आणि सकाळचे पाणी. लाल कोळ्यांवर पहारा. मेच्या अखेरीस आळी मोडणे, चर साफ करणे व बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी.

जून ते सप्टेंबर : खत बंद. पाणी साचते काय ते रोज पाहावे. उघडीप मिळेल तेव्हा दुसरी फवारणी. गळालेली पाने उचलावीत. गावठी गुलाबाच्या काड्या लावण्याचा हाच काळ.

उरलेल्या चार कलमांची ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही या क्रमाने छाटणी केली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांवर फुले आली, ती आदल्या वर्षीच्या बाजारातल्या फुलांपेक्षा लहान, पण पाने हिरवीगार होती. जत्रेच्या दिवसांत मातोश्रींच्या तीन काड्यांपैकी एकीवर एक कळी धरली होती. ती जत्रेसाठी खुडावी काय असे आम्ही विचारले. "पहिली कळी आहे, राहू दे, झाड अजून लहान आहे," असे म्हणून त्या आमच्याच कलमाचे एक लाल फूल घेऊन देव बोडगेश्वराला गेल्या. कळी चार दिवसांनी उमलली. रंग तोच फिकट गुलाबी, वासही तोच.

त्या तीन झाडांपैकी एक जुन्या जागीच, परंतु आता उंच वाफ्यावर लावले आहे. दुसरे पेडण्यास मातोश्रींच्या माहेरी गेले, कारण तेथले मूळ झाड घराच्या दुरुस्तीत कधीच नाहीसे झाले होते. तिसरे या महोत्सवाच्या निमित्ताने आपल्या संस्थेच्या अंगणात लावण्यासाठी मातोश्रींनी बाजूस ठेवले आहे. त्याला खत कोणी घालावे, किती घालावे, हे त्या स्वतः येऊन सांगणार आहेत.

सभासद बंधुभगिनींपैकी ज्यांना या गुलाबाच्या काड्या हव्या असतील त्यांनी येत्या आषाढात आमच्या घरी अवश्य यावे. त्या वेळी फार थोड्या निघतील, म्हणून आधी सांगून ठेवावे. काड्या बांधावयास केळीचे सोप आमच्याकडे आहे.